फियाट पालिओ १.६ जीटीएक्स: घरी दुरुस्त करून उभी करायला घ्यावी का?

फियाटची ही जुनी पेट्रोल हॅचबॅक, पालिओ १.६, विकायला निघाली की मालक आधी बॉनेट उघडून इंजिन चालू करून दाखवतो. ते ऐकावं, मान डोलवावी आणि मग शांतपणे दारांकडे वळावं. चारही दारांची बाहेरची हँडलं, दारांवरच्या काळ्या पट्ट्या, एसीच्या जाळ्या, डॅशबोर्डवरची बटणं, डिकीचं लॉक, काचांची रबरं, मागच्या पार्सल ट्रेच्या दोऱ्या. यातलं काय जागेवर आहे आणि काय गायब, याची यादी करून मगच भावाचं बोलावं. या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, पत्राही दुरुस्त होतो. तुटलेलं मूळ प्लास्टिक मात्र महिनोन्‌महिने शोधत बसावं लागतं. इंजिन थकलेलं पण अंगावर सगळं शाबूत, अशी पालिओ आणि इंजिन ठणठणीत पण आतून ओरबाडलेली पालिओ, या दोघींत पहिली घ्यावी. नवख्याला हे उलटं वाटतं.

थोडी ओळख. १९९६ साली ब्राझीलमध्ये आलेल्या पालिओला इटालियन डिझायनर जुजारोच्या इटालडिझाइन कंपनीने नवं रूप दिलं आणि ते आपल्याकडे सप्टेंबर २००१ मध्ये आलं. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता आणि त्याच्या नावाची पिवळी एस१० मर्यादित संख्येत निघाली. १.६ मध्ये १५९६ सीसीचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन, सुमारे १०० अश्वशक्ती. त्या काळच्या देशी हॅचबॅकच्या मानाने हे भलतंच होतं. जड दारं, भरीव पत्रा, हायवेवर रस्ता न सोडणारी बसकण हे गुण आजही जाणवतात. पेट्रोलची भूक तेव्हाही बदनाम होती, आजही तशीच आहे. मायलेज विचारणाऱ्याने हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

पिवळा रंग बघून एस१० समजू नका. साध्या १.२ ला पिवळा रंग मारणं अवघड नाही. आरसीवर क्षमता १५९६ आहे की १२४२, हे आधी बघा, मग इंजिन नंबर पुसून ताडून घ्या. मूळ चाव्या दोन्ही मागा.

सुट्या भागांची रड आहे, पण लोक सांगतात तेवढी नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचे बरेच भाग फियाटच्याच १.६ च्या सिएना, पेट्रा आणि अ‍ॅडव्हेंचरवरून चालतात. दारं, काचा, हँडलं, काचेच्या मशिनी १.२ पालिओवरून मिळतात, आणि १.२ स्क्रॅपमध्ये जास्त सापडते. कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ, या दोन ठिकाणी जुना भाग हातात घेऊन जावं. तोंडी वर्णनावर ‘फियाटचं’ म्हणून जुन्या फियाट उनोचाही भाग गळ्यात मारला जातो.

आधी पाणी

गाडी घरी आली की रंगाकडे बघायचंही नाही. कूलिंग आधी. बिडाचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड अशी ही जोडी आहे. एकदा नीट तापली की हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि घरचं काम गॅरेजचं होऊन बसतं.

इंजिन थंड असताना प्रत्येक रबरी होज बोटांनी दाबा. चांगला होज दबतो आणि परत येतो. आतून मेलेला दाबला की कुरकुरतो, किंवा क्लिपजवळ फुगीर आणि चिकट लागतो. एक गेला असेल तर सगळे बदला, बाकीचेही त्याच वयाचे आहेत. रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्या आणि मधली अ‍ॅल्युमिनियमची जाळी जिथे जुळतात त्या शिवणीवर पांढरी-हिरवी पुटं दिसली तर तो रेडिएटर झिरपतो आहे. त्यावर एपॉक्सी फासून काही होत नाही. ती शिवण तापून-निवून हलते आणि एपॉक्सी सुटतं.

पंखा दोन वेगांत फिरतो. हळू वेग एका रेझिस्टरमधून येतो आणि हा रेझिस्टर जळणं हे जुन्या फियाटचं नेहमीचं दुखणं. इंजिन चालू ठेवून एसी लावा. पंखा हळू फिरायला लागला तर ठीक. फिरलाच नाही आणि तापमानाचा काटा बराच वर गेल्यावर एकदम जोरात सुटला, तर रेझिस्टर गेला. कित्येक गाड्यांत हे ‘सोडवायला’ कोणीतरी पंखा थेट इग्निशनला जोडून टाकलेला असतो. ती वायर उकरून मूळ जोडणी परत करा. थेट जोडलेला पंखा गाडी चालू असेपर्यंत अखंड पूर्ण वेगात फिरून मोटारीचे ब्रश खातो, आणि मोटार बंद पडली की कळतही नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकलेला असणं हा दुसरा जुना उद्योग. हायवेवर काटा मधल्या खुणेपर्यंत येतच नसेल तर तीच शंका घ्यावी. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंडच राहतं, ईसीयू (इंजिनचा संगणक) जास्त पेट्रोल ओततो आणि मग ‘पालिओ पितेच’ म्हणून तिलाच दोष. नवा बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर टांगून बघा. उकळी फुटायच्या आत, साधारण ८५ ते ९० अंशांना, तो उघडायला हवा. तळाला टेकू देऊ नका, भांड्याचा तळ पाण्यापेक्षा गरम असतो.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मेनिम्म. बोअरचं पाणी नको, त्यातला चुना जाळीत बसतो. भरताना हीटरचा नॉब गरमवर, हवा काढायचा ब्लीड स्क्रू सैल, आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद. हा स्क्रू पानापेक्षा बोटांनी आवळलेला बरा, जुनं प्लास्टिक चटकन तुटतं. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, रात्रभर निवू द्या, सकाळी पातळी बघून भरा. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी हात भाजतात.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात छोट्या-छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफेमुळेही तो जमतो. डिपस्टिकवरचं ऑइलही तसंच दुधाळ असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट.

पट्टा, पेट्रोल, ब्रेक

टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कागदावर नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला. हा पट्टा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात. बेल्ट आणि टेन्शनर एकत्रच बदलायचे, आणि ते उघडलंच आहे तर वॉटर पंप झिरपतो का तेही बघायचं. कॅमशाफ्ट जागेवर धरून ठेवणारं लॉकिंग हत्यार नसेल तर हे काम घरी करू नका. व्हाइटनरच्या खुणा करून जुन्या पट्ट्यावरून नव्यावर मोजून घेणारे मेकॅनिक भेटतात. जुना पट्टाच एक दात चुकलेला असेल तर ती चूक तंतोतंत नव्यावर उतरते. ताकद कमी, आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनचं फिरणं) उनाड, आणि कोणालाच कारण सापडत नाही.

आयडलिंग वरखाली होत असेल तर पार्ट घेत सुटण्याआधी तीन गोष्टी बघा. थ्रॉटल बॉडीतला काळा काजळीचा थर, तडकलेले व्हॅक्यूम पाइप आणि प्लगच्या विहिरीत साचलेलं ऑइल. तिसरं असेल तर वरच्या कव्हरचं गॅस्केट गेलंय. प्लग आणि वायरी बदलून ते मिटत नाही.

पेट्रोलच्या होजकडे विशेष लक्ष द्या. आता पंपावर सरसकट ई२० मिळतं आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते आधी फुगतं, मऊ पडतं, मग वाळून तडकतं. इंजेक्शनच्या लाइनमध्ये सुमारे ३ बारचा दाब असतो, त्यामुळे दुकानातला मीटरवर मिळणारा साधा पेट्रोल पाइप इथे आगीला आमंत्रण आहे. फ्युएल इंजेक्शनसाठीचा, जे३० आर९ दर्जा छापलेला होज घ्या. क्लिपही दाते कापलेल्या पट्टीची नको. गुळगुळीत कडेची, बोल्टने आवळायची घ्या, दातेरी क्लिप होज चिरते. होज बदलल्यावर फ्युएल फिल्टर बदला आणि पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदला. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा.

ब्रेकमध्ये पुढच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून साफ करा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस नको, त्याने बूट फुगतात. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरची रबरी टोपी नखाने उचलून बघा. आत ओल असेल तर सिलिंडर गेला, दोन्ही बाजूंचे बदला. डॉट ४ फ्लुइड १ लिटर आणा, सगळी लाइन धुऊन निघते. सीलबंद बाटलीच घ्या. उघडी राहिलेली हवेतलं पाणी ओढते आणि घाटात उतरताना पेडल मऊ पडतं.

बुश आवळायचे कधी

पुढून खडखड येते म्हणून शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले आणि आवाज तसाच, हे नेहमीचं. क्रमाने बघा: स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश (जोडातल्या रबरी नळ्या), स्ट्रटचं वरचं माउंट, आणि मग शॉक. माउंट तपासायला बॉनेट उघडा, एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग फिरवावं, दुसऱ्याने माउंटवर बोटं ठेवावीत. झटका देत फिरलं तर बेअरिंग अडकतंय.

घरी बुश बदलणाऱ्यांची हमखास होणारी चूक अशी. गाडी स्टँडवर आहे, चाकं लोंबताहेत, आणि आर्मचे बोल्ट तिथेच कचकचीत आवळले. रबरी बुशची आतली नळी बोल्टने पकडली जाते आणि बाहेरची आर्मबरोबर फिरते. मधलं रबर पिळं खाऊनच काम करतं. लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली आल्याबरोबर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. म्हणून आधी बोल्ट फक्त हाताने टेकवा, चाकं जमिनीवर आणा किंवा आर्मखाली जॅक देऊन गाडीचं वजन त्यावर घ्या, आणि मग शेवटचं आवळणं. शंभर रुपयांच्या बुशला दोष देण्याआधी हे आठवा.

जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही. स्टँड हवेतच, आणि सोसायटीच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर स्टँडखाली जाड फळी हवी.

चाकं: चार बाय अठ्ठ्याण्णव

इथे बरेच जण फसतात. पालिओच्या चाकाचे चार बोल्ट ९८ मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर असतात. मारुती-ह्युंदाईच्या बऱ्याच हॅचबॅकचं वर्तुळ १०० मि.मी. अलॉयच्या दुकानात ‘दोन मिलीने काय होतंय, बसतंय की’ म्हणून १०० ची चाकं चढवून देतात. पहिला बोल्ट नीट बसतो, समोरचा तिरका घुसतो. बोल्टचं निमुळतं टोक एका कडेलाच टेकतं, चाक मधोमध बसत नाही, आणि हादऱ्यांनी बोल्ट सैल होत जातात. ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. तेव्हा बॅलन्सिंग तीनदा करून घेतात आणि मूळ कारण तसंच राहतं. त्यात फियाटला हबमध्ये स्टड नाहीत, चाक पकडणारे सुटे बोल्ट आहेत, एम१२ बाय १.२५. तिरके आवळले की हबचेच आटे जातात.

मूळ अलॉय खरचटलेले असले तरी तेच ठेवा. ते नसतील तर ४ बाय ९८ चीच शोधा आणि मधलं भोक ५८.१ मि.मी. आहे का बघा. मोठं असेल तर फट भरणारी हब रिंग घाला. आवळताना टॉर्क रेंच, ८५ ते ९० न्यूटन मीटर, आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी खोल आहे म्हणून दहा वर्षांचा टायर ठेवू नका, रबर लाकडासारखं झालेलं असतं.

आता रंग

आधी पातळ लोहचुंबक कापडात गुंडाळून सगळ्या गाडीवर फिरवा. जिथे पकड ढिली तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम: १०० ते १५० मायक्रॉन मूळ रंग, २५० च्या वर पुन्हा मारलेला, हजाराच्या घरात गेला तर शुद्ध लांबी. ८० च्या खाली दिसला तर तिथे पॉलिश मशीन लावू नका, कोणीतरी आधीच घासून ठेवलंय.

पांढऱ्या कपड्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात चोळा. कपड्यावर गाडीचा रंग उतरला तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही. घाबरायचं कारण नाही, उलट असा रंग छान उजळतो. फक्त पॅड लवकर भरतात.

घरच्यासाठी पॉलिशचं मशीन गोल फिरता-फिरता थरथरणारं ड्युअल अ‍ॅक्शनच घ्यावं, १५ मि.मी. थ्रो (पॅड हलतं ते अंतर) आणि ५ इंची प्लेट. नुसतं गोल फिरणारं रोटरी घेऊ नये. रोटरी एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं की रंग जाळतं. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. फिरायची थांबली तर तुम्ही जास्त दाबताय, पॅड नुसता थरथरतोय आणि कापत काहीच नाही.

गाडी धुवा, लोखंडाचे कण विरघळवणारा आयर्न रिमूव्हर मारा, जांभळे ओघळ थांबले की पाण्याने काढा, मग चिकटलेली घाण उचलणारा क्ले बार भरपूर साबणपाण्यात. सुरुवात एकाच जागी, बॉनेटच्या ५० बाय ५० सें.मी. चौकोनात, आणि सगळ्यात सौम्य जोडीने. मेन्झर्ना २५०० हे पॉलिश आणि मध्यम फोम पॅडने बहुतेक धूसरपणा जातो. नाही गेला तरच त्याच कंपनीचं जास्त कापणारं हेवी कट ४०० आणि त्यानंतर पुन्हा २५००. पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके, वेग ४ ते ५, हाताची चाल अगदी संथ, आडवे-उभे मिळून चार ते सहा फेरे. प्रत्येक पॅनेलनंतर पॅड ब्रशने झाडा, नाहीतर जुना रंग नव्या पॅनेलवर घासत बसता. पत्र्याच्या कडांवर मास्किंग टेप लावा, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो. क्लिअर कोटची खपली निघालेली असेल, पांढरे नकाशे उठलेले असतील, तर पॉलिशने काही होणार नाही. ते पॅनेल रंगवायलाच जाणार, मशीन उचलूच नका.

मुंबई-कोकणातली गाडी असेल तर स्पेअर चाकाची खोळ, डिकीच्या दाराची खालची कड, बॅटरीखालचा ट्रे आणि पुढच्या डाव्या सीटखालचं कार्पेट उचलून बघाच. एसीच्या पाण्याची नळी निसटली की ते पाणी गुपचूप कार्पेटखाली साठतं. गंज तारेच्या ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा, खड्ड्यात उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर, मग दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर. साधं रेड ऑक्साइड नको, ते पाणी शोषतं. गंजावरच काळं डांबरी अंडरकोटिंग फवारून देणारे गल्लोगल्ली आहेत. त्या थराखाली ओल कोंडते आणि पत्रा दुप्पट वेगाने जातो. दारांच्या आत आणि सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पट्टीत) गंजरोधक कॅव्हिटी वॅक्स मारा, पण दाराखालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवून. ही सगळी कामं दिवाळी ते होळी या काळात करावीत. पावसाळी दमट हवेत मारलेला रंग दुधाळ पडतो.

आत आणि वायरी

आतल्या कामात कौशल्य कमी, चिकाटी जास्त. सीटचं कापड कमी पाण्यात धुवा आणि पंख्याखाली वाळवा. भिजलेला फोम आठवडाभर वास देतो. प्लास्टिकच्या पट्ट्या उपसायला स्क्रूड्रायव्हर नको, प्लास्टिकची पाचर वापरा, आणि दुपारी गाडी उन्हात तापलेली असताना काढा. थंड सकाळी जुन्या क्लिपा काड्यांसारख्या मोडतात. बाहेरच्या पांढुरक्या काळ्या प्लास्टिकवर हीट गन फिरवली की ते काळं दिसतं, पण प्लास्टिकमधलंच तेल वर आलेलं असतं, काही काळाने पुन्हा पांढरं. त्यापेक्षा रंगद्रव्य असलेला ट्रिम रिस्टोअरर चांगला.

वायरिंगमध्ये पहिलं काम काढून टाकण्याचं. मागच्या तीन मालकांचे म्युझिक सिस्टीम, हॉर्नचे रिले, रिमोट लॉक, सगळं काळ्या टेपच्या गाठींनी जोडलेलं असतं. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हच्या ओळीत लावा, दारं बंद करून अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरच्या वर ओढत असेल तर एकेक फ्यूज काढत चोर शोधा. स्टार्टर मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांमधला फरक ०.३ व्होल्टच्या वर गेला तर अर्थ पट्टी गंजली आहे. पालिओत दिवे मंद, काटे नाचतात, वायपर सुस्त अशा दहा तक्रारी एकाच पट्टीने मिटू शकतात.

कागदांचं शेवटी, पण पैसे देण्याआधी. या सगळ्या गाड्या आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या. ऑगस्ट २०२५ पासून अशा कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. आरसीची मुदत संपलेली गाडी ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. रंग बदललेला असेल तर तो आरसीवर चढलेला हवा, नाहीतर फिटनेसला अडते. आणि ती आरटीओत नेण्याच्या आदल्या रात्री इंजिनखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर कूलंटचा हिरवा ठिपका असेल तर तपासणी पुढे ढकला आणि होजच्या क्लिपांपासून परत सुरुवात करा.